मातापितरौ : चिनी बौद्धांच्या एका बनावट ठरलेल्या सूत्राविषयी

इ. स. ७३० साली, थांग घराण्याच्या राजवटीत, छांग-आन नगरीतील ची-शंग नामक भिक्षूने चिनी भाषेत उपलब्ध असलेल्या बौद्ध ग्रंथांची एक सूची सिद्ध केली. खाय-युआन हे तेव्हाच्या राजशकाचे नाव. त्यावरून ही सूची खाय-युआन सूची म्हणून ओळखली जाते. हस्तलिखितांच्या याद्या करण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांस तिची योग्यता विस्ताराने सांगावयास नको. प्रमाण ग्रंथ १,०७६ व त्यांच्या वळकट्या ५,०४८, असा तिचा हिशेब आहे. आणि पुढे दहाव्या शतकात सुंग घराण्याने लाकडी ठशांवरून पहिले छापील त्रिपिटक काढिले, तेही याच हिशेबास धरून काढिले. परंतु प्रस्तुत लेखात आमचे लक्ष या सूचीच्या अखेरच्या भागाकडे आहे. तेथे १४ ग्रंथ शंकित म्हणून आणि ३९२ ग्रंथ बनावट म्हणून निराळे काढिले आहेत. बनावट म्हणजे ज्यांचे मूळ हिंदुस्थानातून आलेले नाही, चीनमध्येच कोणी तरी रचून बुद्धवचन म्हणून पुढे केले, असे.

या ३९२ ग्रंथांत एका वळकटीचे एक लहानसे सूत्र आहे. त्याचे चिनी नाव फू-मू अन-चुंग चिंग, म्हणजे पिता-माता यांच्या थोर उपकारांचे सूत्र. शब्दांचा क्रम आम्ही मुद्दाम मुळाप्रमाणे ठेविला आहे. त्याचे कारण पुढे येईल. इ. स. ६९५ च्या एका सूचीतही हे सूत्र बनावटांत घातलेले होते. पण कारण दिले ते ची-शंगने. तो सांगतो की, या सूत्रात तिंग लान, तुंग आन व कुओ च्यु यांची नावे आली आहेत, सबब हे मनुष्यकृत होय. ही तिन्ही नावे चिनी लोकांच्या मातृपितृभक्तीच्या कथांतील आहेत. तिंग लानने मृत आईची लाकडी मूर्ती करून जिवंत आईप्रमाणे तिची सेवा केली. कुओ च्युने दारिद्र्यात आईच्या तोंडचा घास राहावा म्हणून पोटच्या मुलास पुरण्यासाठी खड्डा खणिला, तो त्यात सोने लागले. बुद्धानंतर कित्येक शतकांनी होऊन गेलेल्या चिनी गृहस्थांचे दाखले खुद्द बुद्धाच्या तोंडी घातलेले पाहून ची-शंगने जो निर्णय दिला, तो आजच्या कोणत्याही चिकित्सकास मान्य होण्यासारखा आहे. आमच्या भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात मोगल बादशहा व इंग्रज येतात. तेथे आपण ज्या न्यायाने निकाल करितो, तोच हा न्याय. आठव्या शतकात अंतर्गत पुराव्याचा असा काटेकोर उपयोग करणारा सूचीकार भेटावा, ही गोष्ट चिनी पांडित्यास भूषणावह आहे.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. गंमत पुढे आहे. सूचीतून काढून टाकिलेले हे सूत्र मेले नाहीच. इ. स. १९०० मध्ये वांग युआन-लू या ताओपंथी साधूस तुनहुआंग येथील लेण्यात भिंतीआड चिणलेली एक कोठी सापडली. १९०७ साली स्टाइन व १९०८ साली पेलिओ यांनी तेथून हजारो वळकट्या नेल्या. त्या ढिगाऱ्यात या सूत्राच्या अनेक प्रती निघाल्या. त्यांत तिंग लान आदिकरून नावे असलेला पाठ आहे, आणि तीच नावे गाळलेला पाठही आहे. ज्या तीन नावांवर बनावटपणा शाबीत झाला, नेमकी तीच जागा कोणी तरी दुरुस्त केली! सूचीकाराचा आक्षेप नकलकारांच्या कानी गेला होता, असे आम्ही समजतो. आक्षेप ऐकून सूत्र टाकून द्यावे असे त्यांस वाटले नाही; आक्षेपास जागा राहू नये इतकेच त्यांनी पाहिले. सूत्राच्या अंगीच नकला वाढविण्याची सोय होती, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. जो कोणी आई-बापांसाठी ही पोथी लिहील किंवा वाचील, आणि सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी संघास अन्नपात्र अर्पण करील, तो त्यांच्या ऋणाची काही तरी फेड करील, असे त्यातच सांगितले आहे. आपल्याकडील माहात्म्यांच्या फलश्रुतीशी परिचय असलेल्यांस यात नवल वाटणार नाही.

पुढे याच विषयाचा एक वाढविलेला पाठ प्रचारात आला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सध्याच्या चुंगकिंगजवळील ताझू येथे पाओ-तिंग पर्वताच्या कड्यावर आई-बापांच्या उपकारांचे प्रसंग मोठ्या आकारात कोरले गेले. कोरियात तर चोंगजो राजाने १७९६ साली योंगजू मठात हे सूत्र चित्रांसह ठशांवरून छापविले. त्याचा बाप अपमृत्यूने गेला होता व त्याच्या समाधीच्या रक्षणासाठीच तो मठ उभारिला होता. येणेप्रमाणे ज्यास छांग-आनच्या सूचीत थारा मिळाला नाही, त्यास डोंगराचा कडा आणि राजाचा छापखाना मिळाला.

लोकांस या पोथीची इतकी गरज का भासली? बौद्ध धर्म चीनमध्ये आला तो गृहत्यागाचा धर्म म्हणून. डोके मुंडावे, लग्न करू नये, वडिलांचे नाव टाकावे, हा त्याच्या भिक्षूंचा आचार. चिनी लोकांचा श्याओ-चिंग म्हणजे पितृभक्तीचा ग्रंथ तर असे सांगतो की, देह, केस व त्वचा ही आई-बापांची देणगी असून तीस इजा न होऊ देणे ही भक्तीची पहिली पायरी होय; आणि मेन्सियसच्या मते संतती न ठेवण्यासारखा दुसरा मातृपितृद्रोह नाही. अर्थात भिक्षूच्या मुंडणाच्या पहिल्या वस्तऱ्यासच आक्षेप होता. मौ-त्झुच्या नावावर असलेला एक प्रश्नोत्तररूप ग्रंथ सेंग-यू या सहाव्या शतकाच्या आरंभीच्या पंडिताने आपल्या संग्रहात राखून ठेविला आहे; त्यात या आक्षेपास दिलेले उत्तर मासलेवाईक आहे. एक माणूस बापासह नदी ओलांडीत असता बाप पाण्यात पडला. मुलाने त्यास ओढून काढिले आणि उलटे धरून पोटातील पाणी काढिले. बापास डोके खाली पाय वर करणे याहून मोठा अपमान कोणता? पण तसे केले नसते तर बाप वाचता ना. उत्तर चतुर आहे. मात्र ते बचावाचे उत्तर आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतेच. वाद केवळ पंडितांपुरता राहिला नाही. इ. स. ६६२ मध्ये काओ-त्सुंग सम्राटाच्या दरबारात भिक्षूंनी राजास व आई-बापांस वंदन करावे की काय, याचा खल झाला. राजास वंदन माफ करून आई-बापांस करण्याची आज्ञा निघाली, आणि थोड्याच दिवसांत तीही परत घ्यावी लागली.

या सर्वावरून असा एक समज रूढ झाला की, मातृपितृभक्ती ही बौद्ध धर्मास मुळात परकी. चीनमध्ये टिकाव धरण्यासाठी त्याने ती उसनी घेतली. केनेथ चेन यांनी १९६८ साली लिहिलेल्या निबंधामुळे या विषयास चालना मिळाली. त्यावर १९८३ मध्ये जॉन स्ट्राँग यांनी कथावाङ्मयाच्या आणि १९८४ मध्ये ग्रेगरी शोपेन यांनी शिलालेखांच्या आधारे भारतीय बाजू पुढे मांडिली. आम्हांस शोपेन यांचे म्हणणे बिनतोड वाटते. आणि त्यासाठी दूर जावयास नको. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील सतरा क्रमांकाचे लेणे दात्तामित्रीच्या धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या यवनाने खोदविले. आपल्या लेखात तो सांगतो की, हे लेणे मातापितरांस उद्देशून असून सर्व बुद्धांच्या पूजेस्तव भिक्षुसंघास दिले आहे. भरहूतच्या कठड्यावरही संघरक्षित नावाच्या दात्याचे आई-बापांच्या हितासाठी दिलेले दान नोंदलेले आहे. शोपेन यांनी दाखविल्याप्रमाणे असे दाते पुष्कळदा स्वतः भिक्षूच असतात. घर सोडून गेलेल्याने आई-बापांच्या नावे पुण्य जोडावे, ही कल्पना चिनी बौद्धांच्या डोक्यातून निघालेली नाही.

ग्रंथांतही तेच. दिव्यावदानातील पूर्णावदान आपल्या शूर्पारकाचे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तेथील स्तूप उघडिला, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या अवदानात शूर्पारकाचा प्रसंग आटोपल्यावर मौद्गल्यायनास आपल्या मृत आईची आठवण होते. ती अन्य लोकी जन्मलेली असते, आणि तो बुद्धास घेऊन तिच्या उद्धारासाठी तेथे जातो. आई-बाप किती दुष्कर कर्म करितात याचे वर्णन तेथेच येते : मुलाने एका खांद्यावर आईस व दुसऱ्यावर बापास घेऊन शंभर वर्षे वाहिले, तरी त्यांची फेड होत नाही. पाली अंगुत्तरनिकायातही हा विचार आहे. आता चिनी बनावट सूत्राच्या वाढीव पाठात पाहावे, तो मुलगा आई-बापांस दोन खांद्यांवर घेऊन सुमेरूस प्रदक्षिणा घालितो, आणि तरी ऋण फिटत नाही. बीज कोठले हे सांगणे नलगे.

मग चीनमध्ये नवे ते काय झाले? याचे एक उत्तर व्याकरणात मिळते. संस्कृतात 'मातापितरौ' असा द्वंद्व होतो. अधिक पूज्य असेल त्याचे नाव समासात आधी यावे, असे वार्तिककारांचे मत. आणि त्याचे उदाहरण म्हणून आमच्या पाठशाळांतून हाच शब्द पढविला जाई. इंद्राग्निदत्त हा यवन असूनही त्याच्या प्राकृत लेखात हाच क्रम आहे. चिनी अनुवादकांनी मात्र जेथे जेथे 'मातापितरौ' आले तेथे तेथे 'फू-मू', म्हणजे पिता-माता असे भाषांतर केले. नाकामुरा हाजिमे यांनी हा फेरफार १९५७ साली निदर्शनास आणिला. हा कोणा एकाचा खोडसाळपणा नव्हे. चिनी भाषेत जोडशब्दच तसा आहे, व उलटा लिहिला असता तर वाचणारास ठेच लागली असती. असेच इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आन शि-काओ याच्या नावावर असलेल्या शृगालसूत्राच्या अनुवादाचे. पालीत पुत्राने आई-बापांशी आणि पतीने पत्नीशीही कसे वागावे हे सांगताना क्रियापद एकच, सेवा-उपासनेचे. चिनीत मात्र पत्नी पतीची 'सेवा करिते', पती पत्नीकडे 'पाहतो'. म्हणजे जे अनुवाद अस्सल म्हणून प्रमाण ग्रंथांत बसले आहेत, त्यांतही शब्दाशब्दाने चिनी घरातील वडीलधारेपणा शिरलेला आहे. आणि त्याबद्दल कोणत्याही सूचीकाराने तक्रार केलेली नाही. चिकित्सेची चाळणी नावे अडविते, क्रियापदे अडवीत नाही.

दुसरे उत्तर एका कथेत मिळते, आणि ती कथा आमच्या वाचकांस लहानपणापासून परिचित आहे. वाल्मीकीच्या अयोध्याकांडात दशरथाच्या बाणाने मुनिकुमार मरतो व अंध पित्याच्या शापाने दशरथास पुत्रवियोग घडतो. मुलाचे नाव वाल्मीकी देत नाही. आपण त्यास श्रावण म्हणतो. पाली जातकात हाच मुलगा साम, संस्कृतात श्याम. अंध आई-बापांसाठी तो हरिणांच्या कळपासह पाणी आणावयास गेला असता काशीच्या पिलियक्ख राजाने विषारी बाण मारिला; परंतु आई-बापांच्या व एका देवतेच्या सत्यक्रियेने तो पुन्हा उठला व अंधांसही दृष्टी आली. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पश्चिम तोरणावर ही कथा कोरली आहे, आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात इसवी सनापूर्वीच्या जुन्या चित्रांत ती अंधुक का होईना, दिसते. ह्युएनत्संगास तिचे स्थळ म्हणून गांधारात पुष्कलावतीजवळ एक स्तूप दाखविण्यात आला होता.

चीनमध्ये ही कथा कांग सेंग-हुइ (मृत्यू २८०) याच्या जातकसंग्रहात आली, तिचे स्वतंत्र सूत्रही झाले, युनकांगच्या लेण्यांत ती कोरली गेली. श्यामचे चिनी रूप शान-त्झु. आता हा 'शान' ज्या अक्षराने लिहितात, त्यात एक भाग अग्नीची जोडी दाखविणारा व दुसरा भाग डोळ्याचा आहे. कालांतराने डोळ्याचा भाग जाऊन त्या जागी नगराची खूण आली. अक्षर झाले 'तान', आणि तान हे तर चिनी इतिहासातील एका प्राचीन संस्थानाचे नाव! तेथील अधिपतीपाशी कन्फ्यूशियसने काही ज्ञान घेतल्याची नोंद जुन्या बखरीत आहे. मग काय, युआन काळात कुओ च्यु-चिंग याने चोवीस आदर्श पुत्रांची जी मालिका जुळविली, तीत चौ घराण्याच्या काळातील तान-त्झु म्हणून आमचा श्याम जाऊन बसला. मोडीतील एका फाट्याने माणसाचे गोत्र बदलल्याची उदाहरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हे अविश्वसनीय वाटणार नाही. तेथे आई-बापांच्या डोळ्यांस औषध म्हणून हरिणीचे दूध हवे असते. मुलगा हरिणाचे कातडे पांघरून कळपात शिरतो. पारधी नेम धरितो, तोच मुलगा ओरडून खरे काय ते सांगतो आणि वाचतो. वाल्मीकीत मुलगा मरतो, जातकात मरून उठतो, चीनमध्ये बाणच सुटत नाही. श्याओ-चिंगचे वचन पाहता हे योग्यच झाले. आई-बापांनी दिलेल्या देहास ओरखडाही येता कामा नये! कथेतील बुद्ध गेला, सत्यक्रिया गेली, राजा गेला. हरिणे, कातडे व आंधळे आई-बाप राहिले. धर्म इतका खोल रुजला की रोप कोठून आणिले याची आठवणच उरली नाही.

असो. एवढ्यावरून कोणी म्हणेल की, चीनने सर्व आपलेसे करून टाकिले व बौद्ध धर्माने नुसती मान तुकविली. आम्हांस तसे वाटत नाही. आणि आमच्या मते याचा निकाल त्या बनावट सूत्रानेच लागतो. कन्फ्यूशियसच्या अनुयायांची पितृभक्ती ही पित्याच्या वंशाची भक्ती आहे. कुळ, पूर्वज, गादी, श्राद्धाचा अधिकार, सर्व पित्याकडून. सूत्राचे नावही पिता-माता असेच. पण आत उघडून पाहावे, तर ग्रंथ जवळजवळ सगळा आईचा. दहा महिने उदरी वागविणे, बाळंतपणाच्या वेदना, दूध पाजणे, ओल्या जागी स्वतः निजून कोरड्या जागी मुलास निजविणे, मळ धुणे, कामावरून परतताना रडणाऱ्या मुलाकडे धावणे. आणि शेवटी मुलगा मोठा होऊन लग्न करितो व बायकोच्या खोलीत रमून आई-बापांस विचारीत नाही. (हे शेवटचे गाऱ्हाणे आमच्या कीर्तनकारांसही अपरिचित नाही.) पिता केवळ सोबतीस आहे. ॲलन कोल यांनी १९९८ च्या ग्रंथात चिनी बौद्धांची भक्ती ही पुत्र व माता यांच्या नात्याभोवती फिरते असे दाखविले आहे. ते या सूत्राच्या कोणत्याही पानावरून पडताळून घेता येते.

सातव्या महिन्याच्या ज्या पंधराव्या दिवसाचा वर उल्लेख आला, त्याचेही असेच. त्या दिवशीच्या यु-लान-फन उत्सवाचे मूळ सूत्र मौद्गल्यायनाच्या आईचे. ती प्रेतयोनीत भुकेली असते. त्याने दिलेला भात तिच्या मुखाशी जाताच निखारे होतो. मग वर्षावासाच्या समाप्तीस, प्रवारणेच्या दिवशी, संघास अन्न दिल्याने ती सुटते. हे सूत्र सेंग-यूच्या सूचीत अनुवादक अज्ञात म्हणून आहे, आणि ५९७ च्या सूचीत त्यास धर्मरक्ष हा अनुवादक मिळाला. म्हणजे कागद नसता मालक उभा राहिला, तरी ते प्रमाणांत राहिले. यु-लान म्हणजे संस्कृत 'उल्लंबन', उलटे टांगणे, अशी व्युत्पत्ती सातव्या शतकापासून सांगत. काराशिमा सेइशी यांनी २०१३ मध्ये ती बाजूस सारून यु-लान म्हणजे 'ओदन', प्राकृतात दकाराचा लकार होऊन 'ओलन', व फन म्हणजे चिनी पात्र, भाताचे पात्र, असे सुचविले. प्राकृताचे नियम व कथेतील भाताचे पात्र ही दोन्ही पाहता आम्हांस हीच व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. चिनी उत्सवाच्या नावात आपला ओदन दीड हजार वर्षे शिजत आहे, आणि तो आईसाठी वाढलेला आहे.

तेव्हा अस्सल अनुवादांनी समासातील पहिली जागा मातेकडून काढून पित्यास दिली, आणि बनावट ठरलेल्या पोथीने शब्द चिनी ठेवून मातेस तिची जागा परत दिली, असा हा विलक्षण प्रकार आहे. ची-शंगचा निर्णय ग्रंथाच्या जन्मस्थानापुरता खरा. ग्रंथात काय उतरले आहे, हा त्याच्यापुढील प्रश्नच नव्हता. तो आजच्या संशोधकापुढील आहे, आणि तुनहुआंगची कोठी चिणली गेली नसती तर त्यास उत्तर देण्याचे मुख्य साधनही राहिले नसते. त्या कोठीतून अशीच नाकारलेली इतर सूत्रेही निघाली. त्रपुष व भल्लिक या दोन व्यापाऱ्यांच्या नावाचे, तान-चिंग याने इ. स. ४६० च्या सुमारास रचिलेले, पंचशीलांची कन्फ्यूशियसच्या पाच सद्गुणांशी सांगड घालणारे सूत्र त्यांपैकीच. त्याचा विचार स्वतंत्र लेखात करावा लागेल.

जाता जाता संग्राहकांस एक विनंती. वर सांगितलेल्या कथेच्या तीन शेवटांपैकी आपल्याकडे दशरथशापाचा शेवट सर्वत्र गृहीत धरिला जातो. ज्यांच्या बाडांत श्रावणाच्या कथेची जुनी प्राकृत आख्याने, आरत्या अथवा जात्यावरील गीतांच्या लिखित नकला असतील, त्यांनी त्यांत मुलगा जिवंत होतो काय आणि हरिणांचा उल्लेख येतो काय, एवढे पाहून, अक्षरवाटिका व कागद यांच्या वर्णनासह या त्रैमासिकाच्या संपादकांकडे कळवावे. पोथी खंडित किंवा अशुद्ध असली तरी चालेल.